बाबांचा गाल आणि माझी लस

देऊळघाटच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि सगळ्यात आधी मला मीच दिसले. दोन बांबूंच्या मध्ये ताणून बांधलेली, माणसापेक्षा उंच. फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला, केसात गजरा, ओठाला जरा जास्तच लिपस्टिक. हातात कोणीतरी कॉम्प्युटरवर सिरिंज चिकटवली होती, आणि ती एवढी दांडगी की म्हशीला टोचायची असावी. वर लाल अक्षरांत, ‘कॅन्सरची लस शोधून गावाचं नाव जगात नेणाऱ्या आमच्या कन्येचं हार्दिक अभिनंदन!’ खाली गॉगल घातलेल्या पोरांच्या फोटोंची रांग. शुभेच्छुक म्हणे. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते.

खोटं कशाला बोलू, आधी छाती फुगली. या फाट्यावर आजवर आमदारांचे वाढदिवस टांगलेले पाहिले, पण एखाद्या बाईमाणसाचा फोटो, तोही तिने काही काम केलं म्हणून, कधी लागला नव्हता. आणि मग डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, घरात सगळ्यांना माहीत आहे. कारण मी कॅन्सरची लस शोधली नव्हती. शोधते आहे. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मला आमच्या प्रयोगशाळेत रोज दिसतं.

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. विषाणू म्हटलं की लोक आजही तोंडाला रुमाल लावतात, पण आम्ही त्या विषाणूलाच कामाला लावतो. विषाणूला पेशीत शिरायचं काम फार छान जमतं. ते करू द्यायचं, पण आजार पसरवायची त्याची ताकद आधीच काढून घ्यायची. मग त्याच्या पोटात कॅन्सरच्या पेशीची ओळखखूण घालायची. कॅन्सरची गाठ शरीरात घरच्यासारखी वावरते, म्हणून तिला कोणी हटकत नाही. विषाणू ती खूण घेऊन आत गेला की शरीराचं संरक्षण खडबडून जागं होतं, खूण शिकून घेतं आणि तशी खूण दिसेल त्या गाठीवर तुटून पडतं. म्हणजे ही लस आजार होऊ नये म्हणून घ्यायची नाही, झालेल्या आजारावर घ्यायची. कोणती खूण निवडायची, ती विषाणूत कुठे बसवायची, विषाणू किती बोथट करायचा, याचा आराखडा मी करते. तो माझा आहे, आणि मला त्याचा भयंकर अभिमान आहे.

हे सगळं मी एकदा बाबांना समजावून सांगितलं होतं. बाबा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे मारका गोऱ्हा वेसण घालून औताले जुंपला म्हण की.” मी पुढे आमच्या विभागातल्या एका व्याख्यानात हेच सांगितलं. लोक हसले, पण सगळ्यांना कळलं.

माझा पहिला आराखडा उंदरांच्या शरीराने ओळखलाच नाही. दुसरा ओळखला, पण गाठ ढिम्म. तिसऱ्या वेळी मात्र एका सकाळी उंदरांची गाठ मोजली तर ती आदल्या वेळेपेक्षा लहान. पुन्हा मोजली. मग दुसऱ्या कोणाला तरी मोजायला लावली. पुढच्या आठवड्यात तर काही उंदरांत ती हाताला लागेना. मी व्हरांड्यात धावत जाऊन घरी फोन केला. “बाबा, गाठ विरघळली!” बाबा म्हणाले, “कोणाची?” मी म्हणाले, “उंदराची!” तिकडे बाबांनी फोन कानापासून दूर धरून अख्ख्या आळीला हाक मारलेली मला ऐकू आली. ती बातमी गावभर फिरली आणि फिरता फिरता त्यातला उंदीर कुठेतरी गळून पडला.

घरी पोचले. आईने दारात भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पण तोंड उतरलेलं. जेवायला बसलो तर बाबांच्या ताटात वरणात कुस्करून पार लगदा केलेली भाकर. तीही ते एकाच बाजूने, थांबत थांबत खात होते. हिरव्या मिरचीचा ठेचा समोर असून त्याला हात नाही. ठेच्याशिवाय जेवणारे बाबा मी जन्मात पाहिले नव्हते.

“बाबा, तोंड उघडा.”

“जेव तू.”

“उघडा म्हणते ना!”

त्यांनी उघडलं. पुरतं उघडलंच नाही. मोबाइलचा उजेड धरला तर डाव्या गालाच्या आत पांढरी-लाल, कडा उचललेली जखम. तंबाखूचा बार जिथे चाळीस वर्षं बसला, बरोबर त्याच जागी. मी मोबाइल बंद केला.

आई मग एकदम बोलली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर आहे, अजून हाताबाहेर गेला नाही, लवकर ऑपरेशन करून घ्या, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. उन्हाळ्यात सांगितलं होतं. आता श्रावण लागला होता.

“अन् मले काऊन नाही सांगतलं?”

“ह्यायनं शपथ घातली,” आई म्हणाली. “पोरगी लस घेऊनच येऊन राह्यली म्हणे. तोवर कोणी बोलायचं नाही म्हणे.”

मी बाबांकडे पाहिलं. ते अगदी शांत होते, उलट जरा खुशीतच. जणू मी पिशवीतून आता बाटली काढणार.

“आणली का?” त्यांनी विचारलं.

जगातल्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा तो विश्वास होता, आणि तोच त्यांचा जीव घेणार होता.

मी समजावलं. लस उंदरात आहे, माणसापर्यंत यायला बरीच वर्षं लागतील, कदाचित ती यायचीही नाही. बाबा मान हलवत होते आणि एक शब्द आत जात नव्हता. “माही पोरगी लस करून राह्यली अन् मी गाल कापून घेऊ? लोक काय म्हणतीन? जिची लस, तिच्याच बापाले चाकू? तुही किंमत काय राह्यीन मंग?”

“माझ्या किमतीचं मी पाहून घेईन!”

“मंग असं कर, मले उंदीर समज. मी सही करून देतो.”

“तुम्ही उंदीर नाही, बाप हाये माह्ये!” मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची बाई चुलीवरचं तसंच टाकून दारात आली.

बाबा हळूच म्हणाले, “येवढी शिकली तू, अन् स्वतःच्या कामावर तुलेच भरोसा नाही?”

हे लागलं. आणि एक क्षण, मी लपवत नाही, माझ्याही मनात आलं की फ्रीजरमध्ये आहे ना ती, काय हरकत आहे? पण ती लस उंदराच्या गाठीची खूण शिकवते. बाबांच्या गाठीला ती ओळखणारसुद्धा नाही. शिवाय माणसाच्या अंगात घालण्याइतकी ती शुद्ध केलेली नाही, तिने काय केलं असतं ते कोणालाच माहीत नाही. माझ्या कामाचा अभिमान मला आहे तो याच गोष्टीचा, की जे माहीत नाही ते माहीत नाही असं आम्ही म्हणतो. हे मी बाबांना सांगितलं. ते तोंड धुवायला उठून गेले.

भांडी घासताना आई म्हणाली, “लसीचं तं हायेच. पण त्यायले भेव आवाजाचं हाये.” तेव्हा मला सगळं उमगलं. बाबांचा आवाज म्हणजे बाबा. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या सीटवर घोरणारा माणूसही त्यांच्या एका हाकेने आपलं गाव आलं म्हणून उठायचा. रिटायर झाल्यापासून आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन तेच करतात. पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी. ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग आणि जबड्याचं थोडं हाड जाणार, बोलणं बदलणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलीच्या लसीआड त्यांनी ते भेव झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला गेले, ती तडक चाचांच्या दुकानात. चाचा बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. आधी ट्रकवर नावं रंगवायचे, आता फ्लेक्स छापतात. माझ्या हातात ती म्हशीची सिरिंज त्यांनीच दिली होती. मी दारातूनच सुरू केलं, “चाचा, आत्ताच्या आत्ता तो फ्लेक्स उतरवा!”

“बैठ बेटा. पानी पी.”

“मी बसायला नाही आले!”

“मालूम हाये. तरी बैठ.” त्यांनी खुर्ची पुसली. “मी रोज सांगतो त्याले, जा, काप, मोकळा हो. तं तो मले फ्लेक्स दाखवते. मीच छापला बेटा, पैसे बी नाही घेतले खुशीनं, अन् आता मलेच दाखवते.” चाचांचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं कचकचून भांडायचं, पण भांडण कुठल्या कुठे गेलं.

मग ते म्हणाले, “तो घरात नाही ऐकणार. घरात तो बोललाच नाही ना. पोरीनं लस शोधली म्हणून साऱ्या गावासमोर बोलला. आता गावासमोरच त्याले खाली उतरायले जागा करून दे.”

मी परतीच्या गाडीत हाच विचार करत बसले. गावासमोर जागा करून द्यायची म्हणजे गावासमोर मी खाली उतरायचं. फाट्यावरून जाताना मान वर करून मी माझा तो फोटो पुन्हा पाहिला. चांगला दिसत होता, काय खोटं बोलायचं.

आमच्या विहारात वाचन संपलं की एक रीत आहे. ज्याच्या घरी काही चांगलं घडलं असेल त्याने उभं राहून सांगायचं. कोणाचा मुलगा पास झाला, कोणाला नोकरी लागली, कोणी दारू सोडली. वाचकाने ‘साधु’, म्हणजे फार चांगलं झालं, असं म्हणायचं आणि त्याच्यामागे सगळ्यांनी, असं तीनदा. माझ्या लसीलाही अशीच ‘साधु’ मिळाली होती, बाबांनीच उभं राहून सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी बाबांनी वाचलं. आवाज तोच, पण काही शब्दांवर ते थांबत होते, गाल दुखत असणार. वाचन संपलं आणि त्यांनी चष्मा काढायच्या आत मी उभी राहिले. बायांच्या बाजूने कौतुकाची कुजबुज झाली. पुढे बसलेल्या एका आजीने तर टाळ्याच वाजवल्या.

“मले एक सांगायचं हाये,” मी म्हणाले. पुण्यात इतकी वर्षं राहून सभेत उभं राहिलं की माझ्या तोंडात पुस्तकी भाषा येते. त्या दिवशी आली नाही. “माह्या लसीनं उंदराची गाठ विरघळली. माणसाची नाही. माणसाले ती अजून दिलीच नाही. देता येत नाही. आधी ती बाधत नाही हे पाहा लागते, मंग थोड्या लोकायले द्या लागते, मंग जास्त लोकायले. लय वर्षं लागतीन. येवढं करूनबी ते होईनच असं नाही. फाट्यावर लिहिलं ते खरं नाही. मी लस शोधली नाही, शोधून राह्यली. म्हणून ज्याच्या तोंडात आज फोड हाये, त्यानं माही वाट पाहू नये. डॉक्टर काप म्हणते तं कापून घ्यावं. उद्याच घ्यावं.”

कोणाचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळे बाबांकडे पाहायला लागले होते. टाळ्या वाजवणाऱ्या आजीने हात मांडीवर ठेवून घेतले. गॉगलवाल्या शुभेच्छुकांपैकी दोघं मागे बसले होते, ते मान खाली घालून फरशी पाहत होते. माझे कान नुसते तापले होते. मला वाटलं, संपलं. बाप गेला हातातून, आणि लाजही गेली.

बाबांनी ग्रंथ मिटला. त्यावरचं कापड सारखं केलं. मग त्या जुन्या, गाडीतल्या आवाजात म्हणाले, “पोरीनं खरं सांगतलं. खरं सांगतल्यावर काय म्हणतात, विसरले का बे सारे? साधु!”

“साधु!” लोक म्हणाले, आधी चाचपडत.

“साधु!”

“साधु!”

तिसऱ्यांदा बाबांचा आवाज फाटला, पण लोकांनी तो झाकून टाकला, इतक्या जोरात म्हणाले. आई बायांमध्ये पदर तोंडाला लावून बसली होती. बाबा उठून उभे राहिले. “उद्यापासून वाचन दुसऱ्या कोणी करावं. मी पोरीसंग पुण्याले चाललो.”

घराकडे येताना ते माझ्या पुढे चालत होते. वळणावर थांबले.

“चारचौघात माही मान खाली घातली तू.”

“हो बाबा.”

“घालशीनच. कंडक्टरची पोरगी हाये. बिनतिकिटाचं कोणाले बसू देत नाही, बापालेबी.” आणि ते हसले. दुखलं म्हणून लगेच गालावर हात ठेवला, पण हसले. त्या घटकेला मला त्या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या आराखड्याचा कधी वाटला नाही, आणि तो मला थोडाथोडका नाही.

चाचांनी फ्लेक्स रातोरात उतरवला आणि पुण्याला निघताना आमच्या सामानात एक थर्मास ठेवला. “पातळ खाय बे आता,” ते बाबांना म्हणाले. बाबांनी कमरेची तंबाखूची डबी काढून त्यांच्या हातात दिली. चाचांनी आपली काढली, आणि दोन्ही आमच्यादेखत नालीत रिकाम्या केल्या. वर्षानुवर्षं दोघांना आम्ही ओरडत होतो, तेव्हा काही झालं नाही.

ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली. तिने सगळं समजावलं, काय काढणार, मांडीचं मांस कुठे लावणार, गळ्यातल्या गाठी का काढाव्या लागतात. शेवटी म्हणाली, “काढलेला भाग तपासून झाला की उरलेला संशोधनाला देता येतो. तुमची इच्छा असेल तरच. नाही म्हणालात तरी इलाजात काही फरक पडणार नाही.”

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “हिच्या कामाले लागते का?”

“कोणत्याही प्रयोगशाळेत जाईल, काका. वर नाव नसतं, नुसता नंबर.”

“पण अशाच कामाले ना? लशीच्या?”

“हो, तशाही कामाला जातो.”

उंदरापुढे जायचं तर माणसाच्या गाठीवरच्या खुणाच शोधाव्या लागतात, आणि त्या असल्याच तुकड्यांतून सापडतात, हे बाबांना मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपलं आपण जुळवलं. “मंग घ्या. फेकून कायले द्या लागते,” म्हणत त्यांनी ठसठशीत सही केली. मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले आणि जिन्यात बसून पोटभर रडले. आजही आमच्याकडे नंबर घातलेले डबे येतात. बाबांचा त्यात आहे की नाही ते मला कळत नाही, कळूही नये. आम्ही सगळेच जपून उघडतो.

ऑपरेशन लांबलं, पण पार पडलं. कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या, असं सर्जन म्हणाले. पुढे रेडिएशनचा शेकही घ्यावा लागला. तोंड पोळायचं, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि बाबा नर्सला अंगठा वर करून ‘मस्त’ म्हणून दाखवायचे. बरेच दिवस ते बोलले नाहीत. बोलता येत नव्हतं, आणि मला वाटतं, आवाज कसा निघेल याचं भेवही असावं. आई आणि मी त्यांना बोला म्हणायचो नाही. आम्ही आपल्या दोघी बडबडत राहायचो.

मग एकदा तपासणीला गेलो होतो. बाकावर बाबांच्या शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते, गालाला पट्टी, बरोबर मुलगा. मी फाइल जमा करून परत येत होते. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून बाबांना विचारलं, “मुलगी का? काय करते?”

मी तिथेच थांबले. बाबांनी थुंकी गिळली, तोंडाचा वाकडा कोपरा रुमालाने टिपला. आणि बोलले. जाड, फुगलेला, अर्धी अक्षरं आतच राहिलेला आवाज, पण मान अशी ताठ जशी गाडीच्या दारात उभी असायची.

“माही पोरगी कॅन्सरवरची लस करते,” ते म्हणाले. “अजून झाली नाही.”

शेजारच्यांना दुसरं वाक्य नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला. तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहत, एकेक शब्द सोडवून, तेवढंच पुन्हा सांगितलं.